कासला जाऊन झकास फोटो कसा काढावा

सप्टेंबर लागला की साताऱ्याजवळच्या कास पठाराचं बुकिंग करा. रविवारचंच करा. गर्दी नसेल तर नेमकं कुठे उभं राहायचं ते कळणार कसं?

पोचलात की आधी मोबाइल उघडा. काल लोकांनी टाकलेले फोटो पाहा आणि तसाच काढा. वेगळं काही सुचायला लागलं तर पाणी प्या, बरं वाटेल.

पठाराकडे बघू नका. वेळ जातो.

आता पायवाटेबद्दल. ती इतरांसाठी असते. गेल्या रविवारी एका कलावंतांनी मला हाक मारली, "काका, जरा सरका, फ्रेममध्ये येताय." मी वाटेवर होतो. ते ट्रायपॉडसकट 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांत गुडघे टेकून. फुलांचा गालिचा टिपत होते म्हणे! अहो, गालिचा कसला? खाली जांभा कातळ, वर जेमतेम माती, तीही निकस. मोठी झाडं तिथे तग धरत नाहीत म्हणून या वीतभर जिवांना जागा मिळते. सीतेची आसवं तर मांसाहारी आहेत. मातीत नत्र नाही, म्हणून चिखलातल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात. एवढी उपासमार आणि वर एवढं निळं फूल! फोटो आहे तो हा. वाटेच्या कडेचं एक रोप, उघडा कातळ, साचलेलं पाणी, बस्स. पण यात कातळ दिसतो, आणि कातळाला लाइक कोण देणार? 2012 पासून जागतिक वारसा आहे, तेव्हा तुडवायलाही जागतिक दर्जाचेच गुडघे हवेत.

रंग वाढवा. डोळे दुखले की थांबा.

आभाळ भुरकट निघालं तर बदलून टाका. फोटोशॉपमध्ये 2020 पासून ती सोय आहे. फुलांवर ऊन डावीकडून पडतंय आणि सूर्य उजवीकडे मावळतोय, हे बघायला कुणाला फुरसत आहे? कुणी हटकलंच तर अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं नाव फेका. त्यानेही 1927 मध्ये अमेरिकेतल्या हाफ डोम कड्यावरचं आभाळ लाल फिल्टर लावून काळं केलंच होतं की! फक्त तो कडा आपल्याला कसा भिडला, ते बटण दाबण्याआधी त्याच्या डोक्यात पक्कं होतं. तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो उतरवत होता, आणि उरलेल्या शेवटच्या काचेवर उतरलं ते तेच. तुमच्याकडे मेमरी कार्ड आहे, डोक्याला ताप कशाला?

मे महिन्यात चुकूनही फिरकू नका. तेव्हा नुसता रापलेला कातळ असतो आणि मातीत कंद नि बिया पावसाची वाट बघत असतात. त्यावर 'निसर्गाशी एकरूप' असं कसं लिहिणार?

आणि ते लिहितोस कोणत्या तोंडाने रे? ज्याच्या छातीवर बसलास त्याच्याशी एकरूप? लाखाचा कॅमेरा गळ्यात आहे, दहा मिनिटं नुसतं बघायला काय तिकीट पडतं? फोटो येत नसेल तर नको काढू, कुणाचं अडलेलं नाही. पण आधी ऊठ तिथून. आणि आलास त्याच पावलांवरून परत ये, नवीन वाट पाडू नकोस.