घेरिया जिंकल्याचं चित्र आणि ते काढणारा कैदी

विजयदुर्गाला गेलो की मी आधी बुरुजावर जाऊन खाडीकडे तोंड करून बसतो. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून केलेल्या स्वारीत कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचं आरमार याच पाण्यात जळलं. या प्रसंगाचं एक मोठं तैलचित्र लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहे, 1771 सालचं. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत, चित्राच्या नावातही तेच आहे. आपल्याकडे कुणी ते शेअर केलं की खाली ठरलेली कमेंट येते: ‘इंग्रजांनी काढलंय, दुसरं काय दाखवणार!’

पण ते इंग्रजानं काढलेलंच नाही. ते काढणारा डॉमिनिक सेरेस हा फ्रेंच, गॅस्कनीतल्या ओश गावचा. घरच्यांना त्याला धर्मगुरू करायचं होतं, हा पळाला स्पेनला आणि खलाशी झाला. पुढे व्यापारी जहाजाचा कप्तान झाला. इंग्रजांनी त्याला समुद्रावर पकडून कैदी म्हणून इंग्लंडला नेलं आणि हा गडी सुटल्यावर तिथेच राहिला! बायको केली, ब्रश धरला. 1768 मध्ये रॉयल अ‍ॅकॅडमी ही लंडनची कलासंस्था स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत या माजी कैद्याचं नाव होतं. 1780 च्या सुमारास तो थेट इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा सागरी चित्रकार झाला. (त्याची सून ऑलिव्हिया पुढे आपण राजघराण्यातल्या आहोत असा दावा करत फिरली, पण ती वेगळीच भानगड.)

त्याची गिऱ्हाइकं कोण, तर आरमारी अधिकारी. लढाईत लुटीचा वाटा मिळायचा, मग दिवाणखान्यात पराक्रमाचं चित्र हवं. घेरियात सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. 1762 मध्ये क्युबातलं हवाना इंग्रजांच्या हाती पडलं, तिथे इंग्रजांच्या बाजूनं केपेल घराण्यातले तिघे भाऊ होते. त्यांच्यासाठी सेरेसनं अख्खी मालिकाच रंगवली. प्रत्यक्ष लढाई पाहिलेल्या एका अधिकाऱ्याची रेखाटनं त्याच्या कामी आली. घेरियाच्या वेळीही तो तिथे नव्हता. पण वारा कुठून आहे, त्या वाऱ्यात कुठलं शीड फुगेल, कुठली दोरी ताणलेली असेल, हे हातानं दोर ओढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. दरबारी चित्रकारांची जहाजं पाण्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसतात, याची चालतात.

आता प्रश्न येतोच: फ्रेंच असून इंग्रजांचे विजय रंगवले, अगदी अ‍ॅडमिरल सफ्रेनच्या फ्रेंच आरमाराशी झालेल्या लढायासुद्धा. गद्दार म्हणायचं का? मला नाही वाटत. समुद्रावरच्या नोकरीत तेव्हा देश हा प्रकार फार पातळ होता. कान्होजींच्या आरमारातसुद्धा पोर्तुगीज आणि डच माणसं चाकरीला होती, त्याचा आपण अभिमानानं उल्लेख करतो. मग सेरेसला वेगळा न्याय का?

माझी तक्रार चित्रकाराविषयी नाहीच. या स्वारीत जमिनीच्या बाजूनं नानासाहेब पेशव्यांची फौज होती. तुळाजी बोलणी करायला त्यांच्याच छावणीत गेला होता. इकडे इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून पडलेल्या गोळ्यानं एक जहाज पेटलं आणि त्या आगीत बाकीच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं भस्म झाली. चित्र मागवणाऱ्याला पेशव्यांची छावणी नको होती, मग ती कोण काढणार? आणि ती ज्यांना हवी असायला हवी होती, त्या आपण एकही चित्र मागवलं नाही. आंग्र्यांकडे पैसा होता, पेशव्यांकडे तर होताच. पुण्यात वाडे रंगवायला चितारी मिळत होते. गुराबीची डोलकाठी नेमकी कशी होती हे बघायला आज मला फ्रेंच माणसानं इंग्रजांसाठी काढलेल्या चित्राकडे जावं लागतं. त्यानं गुराब पाहिली असेल की नाही, तेही कुणास ठाऊक.

लंडनला राहणारे कुणी ग्रीनिचला जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, प्रत्येक चित्र दालनात लावलेलं असतंच असं नाही. लावलेलं असलं तर आपल्या जहाजांचे जवळून फोटो काढून पाठवा. इंग्रजांची मला इंटरनेटवर मिळतात.