वर्गणीवाला आला की

शेतकरी संघटनेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन इंदूरजवळ सांवेरला तुमच्या खळ्यावर आला, की आधी त्याला चहा पाजा. कप त्याच्या ओठाला लागला, की विचारा, "गेल्या वर्षीच्या पैशांचा हिशोब कुठाय?" गेल्या वर्षी तुम्ही दमडी दिली नव्हती, हे तुमचाच चहा पिताना कोण बोलून दाखवणार? पावतीपुस्तक आपोआप पिशवीत जातं.

तो अमेरिकेचं सांगायला लागला तर ऐकून घ्या, विषय सोयाबीनचाच आहे. तिथे 1991 पासून कायद्यानं पहिला खरेदीदारच किमतीतला अर्धा टक्का कापून घेतो. निम्मे पैसे राज्याच्या मंडळाला, निम्मे राष्ट्रीय मंडळाला. त्यातून संशोधन होतं, नवी गिऱ्हाइकं शोधली जातात. पण सरकारदरबारी वजन टाकायला त्यातला छदामही वापरता येत नाही. त्यासाठी वेगळी संघटना, तिची वर्गणी वेगळी आणि तीही मर्जीनं द्यायची. दोनदा पैसे देणारे शेतकरी! अशांकडून आपण काय शिकायचं?

आपला हिशोब मांडून बघा. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. अर्धा टक्का म्हणजे 26 रुपये 64 पैसे. हा तर दिवसाढवळ्या दरोडा! आता मंडीत लिलावाच्या वेळी व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळव्यावर घोळवतो, एखादा दाताखाली फोडून बघतो आणि उरलेले तिथेच फरशीवर सोडतो. मग त्याच्यामागचा, मग त्याच्याही मागचा. ते मोजायचं नसतं. त्याची पावती फाडत नाहीत, म्हणजे ती वर्गणी नव्हे. संध्याकाळी झाडून ते दाणे कुणाच्या पोत्यात जातात, हे तर विचारूच नका, वाईट दिसतं.

सोयाबीनचं तेल काढणाऱ्यांची 'सोपा' नावाची संघटना आपल्या इंदुरातच आहे. पीक किती येणार याचे तिचे अंदाज पेपरात छापून येतात, दिल्लीला निवेदनं जातात. कारखानदारच ते, त्यांना पैशाची किंमत काय कळणार? तुमच्या बाजूनं अंदाज सांगायला पारावरची मंडळी आहेतच, आणि ती फुकट आहेत.

भाव हमीभावाच्या खाली घसरला, की मात्र गरजायचं, "संघटना काय झोपा काढतेय?" वर्गणी न दिलेल्याचा आवाज सभेत सगळ्यात खणखणीत लागतो. अनुभवानं सांगतोय, तो आवाज माझाच असतो. कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला तर ट्रॅक्टरचं डिझेल संघटनेकडून घ्या, पुरीभाजीची दोन पाकिटं घ्या, आणि पुढे भाव चढलाच तर म्हणा, तो तसाही चढणारच होता.

पावतीपुस्तकवाल्याला निघताना तोडू नका. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणा. मी सात वर्षं म्हणतोय. यंदा तो आलाच नाही. संघटना किती ढिली पडलीय, बघा.