याला जाळी नाही?

आज मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "डाउनटाउनमधला तो तुटका हात काढून टाकायला पाहिजे, गुंडगिरी वाटते." सगळे हसले. चहा ओतता ओतता मीही हसले. परतताना गाडीत स्वतःचीच चीड आली, म्हणून हे लिहितेय.

तुटका हात नाहीये तो. काळा बॉक्सर जो लुई, त्याच्या हाताचं शिल्प आहे. 24 फूट लांब, कांस्याचा, खांबांच्या पिरॅमिडसारख्या सांगाड्याला लटकवलेला. 1986 पासून डेट्रॉइटच्या ऐन चौकात आहे. मुठीवर ग्लव्ह नाही, हे बघितलंय का कुणी?

गेल्या वर्षी अण्णा आले होते. नामांतराच्या वेळी लाठ्या खाल्लेला माणूस. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी 'दलित पँथर' काढली तेव्हा 'पँथर' हे नाव इथल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर'कडून उचललं, हे त्यांना सांगावं लागत नाही. "बाकीचा माणूस कुठाय?" असं पाहुणे हमखास विचारतात. अण्णांनी नाही विचारलं. मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "याला जाळी नाही?"

आमच्या गावच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाळी आहे. का आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

अलाबामात दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या घरातलं हे पोर डेट्रॉइटला आलं, फोर्डच्या कारखान्यात घाम गाळला, आणि 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीतल्या श्मेलिंगला 124 सेकंदांत आडवं केलं. सगळी अमेरिका नाचली. पुढे युद्धात त्याच अमेरिकेने त्याला काळ्यांच्या वेगळ्या तुकडीत टाकलं. मग मूठ नाही तर काय नमस्काराचे जोडलेले हात लटकवायचे होते, काका?

बरं, मान्य. पैसे एका क्रीडा साप्ताहिकाने दिले, शिल्पकार मेक्सिकोत जन्मलेला, आणि इथल्या काळ्या लोकांतही काहींना ती मूठ खटकली होती. त्यांना खटकू दे, त्यांचा हक्क आहे. आपण उपनगरात राहून, वर्षातून दोनदा नदीकाठी फोटो काढायला जाणार आणि त्यांच्या चौकात काय असावं ते ठरवणार?

जाऊ दे. काका वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात काकूंनी डबे पोचवलेत.

पण अण्णा डोक्यातून जात नाहीत. त्या रात्री जेवताना परत म्हणाले, "रात्री पहारा असतो का गं तिथं?" नाही म्हटलं. खूश झाले, भात मागून घेतला.

2004 साली दोघा गोऱ्यांनी त्या मुठीला पांढरा रंग फासला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.