इन्सुलिन घेतलं की बाळ आठव्यातच होतं म्हणे!

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आता तिसऱ्यांदा फिरतोय. "गरोदरपणात शुगरची औषधं, इन्सुलिन काही घेऊ नका, ते बाळापर्यंत जातं आणि बाळ दिवस भरायच्या आत होतं, त्यापेक्षा गूळ खा, कारल्याचा रस प्या", खाली दहा जणींना पाठवा वगैरे. माझ्या वहिनीला सातवा लागलाय, पेनने इन्सुलिन घेते, तिने हे वाचलं आणि परवा रात्रीचा डोस घेतलाच नाही, म्हणून लिहायला बसले.

बाळापर्यंत इन्सुलिन जातं? नाही हो जात. वारेतून पलीकडे जाते ती आईची साखर, इन्सुलिन जवळजवळ सगळं अलीकडेच अडकतं. म्हणजे सुई टाळून बाळाला मिळते जास्तीची साखर, मग बाळ स्वतःच भरमसाट इन्सुलिन बनवतं आणि त्यावर गुटगुटीत होतं, आज्यांना फोटोत गोड वाटतं पण डिलिव्हरीत खांदे अडकू शकतात आणि जन्मल्यावर बाळाची शुगर धाडकन खाली येऊ शकते.

आता लवकर होण्याचं. ज्यांना इन्सुलिन लागतं त्यांची शुगर मुळात नुसत्या डाएटने ऐकत नसते, आणि शुगर चढलेली राहिली की गर्भजल वाढून पोट ताणतं, कळा लवकर सुरू होऊ शकतात, किंवा बीपी चढतं आणि डॉक्टरांनाच आधी डिलिव्हरी करावी लागते. २००८ साली हापो नावाचा अभ्यास आला, २३ हजारांवर बायका, उपचार न देता नुसते आकडे बघितले, तर ग्लुकोजचं पाणी प्यायल्यानंतरची शुगर जितकी जास्त तितकं ३७ आठवड्यांच्या आत बाळ होण्याचं प्रमाण जास्त. औषध नव्हतंच की तिथे!

मेसेजमध्ये टिचभर खरं आहे तेही सांगते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मेटफॉर्मिनची गोळी आणि इन्सुलिन यांची तुलना झाली, त्यात दिवसांआधी झालेली बाळं गोळीवाल्यांत १२.१ टक्के आणि इन्सुलिनवाल्यांत ७.६. वाचा परत, इन्सुलिनवाल्यांत कमी! आणि बाळांचे महत्त्वाचे त्रास एकत्र मोजले तर दोन्हीकडे साधारण ३२ टक्केच, त्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिलीये त्यांनीही घाबरून बंद करू नये.

गुळाबद्दल काय बोलायचं, तीही साखरच.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही" असं खाली एका काकूंनी लिहिलंय. काकू, तेव्हा तपासत कोण होतं? आपल्याच रास्ता पेठेतल्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी पण अंगात चरबी टिकून, म्हणजे आपली बाळं दिसायला बारीक असली तरी आपल्याला शुगर नाहीच असं धरून चालत नाही.

वहिनीची काल सकाळची उपाशीपोटी ११८ आली, हवी ९५च्या आत. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले ठरलेलाच डोस चालू करा, चुकलेला जोडून घेऊ नका. रात्री तिने घेतला. कारल्याची भाजी तिला आवडते, तीही केली होती.