आमेन म्हणा आणि पुढे पाठवा

पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने प्रभूला वाहून घेतलंय ना? मग ते चारचौघांना दिसायलाही हवं. त्यासाठी काही सूचना.

उपासनेत पुढच्या बाकावर बसा. फेसबुक लाइव्हचा कॅमेरा मागपर्यंत पोचत नाही.

दानाच्या पाकिटावर नाव ठळक लिहा. बायबलमधल्या त्या गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे जवळची होती नव्हती तेवढी नाणी, टाकल्या. आज तिचं नाव कुणाला ठाऊक आहे?

साक्ष देताना, म्हणजे प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सांगताना, घड्याळाकडे पाहू नका. बाकीचे पाहतातच.

सेवा मात्र जपून करावी. समजा, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, ‘थोरल्या आत्या सिव्हिलला आहेत, उद्या खुब्याचं ऑपरेशन, बी पॉझिटिव्ह रक्त हवंय.’ अशा वेळी गडबडून जाऊ नका. आधी ‘आमेन’ लिहा. मग जोडलेले हात. मग कबुतर, सूर्योदय आणि वचन असलेलं चित्र. एखाद्याने ‘प्रभू तुमच्या आत्याला नवं रक्त देवो’ लिहिलं, तर त्याखालीही आमेन. (हे खरोखर लिहिलेलं आहे. मी मोबाइल उलटा करून ठेवला.) बी पॉझिटिव्ह हा काही दुर्मिळ गट नव्हे, गल्लीत हाक मारली तरी चार जण निघतील. पण गल्लीतल्यांना हाक मारावी लागते, आणि मंडळीचे तरुण त्या रात्री वर्धापनदिनाच्या स्टेजला झालर लावत होते. शेवटी रक्त दिलं ते आत्यांच्या चाळीतल्या रिक्षावाल्याने. तो कुठल्याच चर्चला जात नाही, त्यामुळे त्याला आमेन म्हणायचं सुचलं नसावं.

याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय वाचायचा टाळा. उघड्या, उपाशी माणसाला ‘जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांबद्दल तिथे फार वाईट बोललंय.

5 एप्रिलला, स्मृतिदिनी, पंडिता रमाबाईंच्या तसबिरीला हार घाला, भाषण करा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन केडगावला आल्या, हेही सांगा. त्यांना न्हाऊमाखू घालणं, दुखणी काढणं, हाताला काम शिकवणं, हे मात्र गाळा. भाषण लांबतं.

लाज वाटत नाही का हो तुम्हाला? ज्या आत्यांनी तुमच्या पोरांना संडे स्कूलमध्ये मत्तय 25, ‘मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात’ हा अध्याय, पाठ करून घेतला, त्यांच्याच समाचाराला एक माणूस फिरकू नये? मेंढरं कुठली आणि शेरडं कुठली, हे त्याच अध्यायात लिहिलंय. तुमच्या पोरांना तोंडपाठ आहे, विचारा त्यांना! आणि ‘आम्ही प्रार्थनेत आठवण केली’ हे मला पुन्हा ऐकवू नका. केलीत, छान केलीत. आता उठा आणि चपला घाला. वॉर्डात भेटायची वेळ चार ते सहा आहे. फुलं नकोत, फळं नकोत, फोटो तर अजिबात नको. आत्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात आणि रात्री मी एकटाच असतो.