तेंदूपत्ता कसा विसरलात?

“गडचिरोलीत खाणी आल्या, रोजगार आला, म्हणून नक्षलवाद ओसरला” हे लेखातलं वाक्य खटकलं. धानोरा तालुक्यात मी सहा वर्षं शिक्षक होतो. मे महिन्यात पहाटेच पोरं आईबापांसोबत जंगलात जायची, दुपारी घरोघरी तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांचे, सत्तर-सत्तरचे पुडे बांधणं चालायचं. १९८०च्या सुमारास नक्षलवादी इथे आले तेव्हा लोक त्यांच्या मागे गेले ते या पुड्याचा आणि बांबूकटाईचा दर वाढवून मिळाला म्हणून. पुढे तेंदूपत्ता आणि बांबूच्या ठेकेदारांकडूनच खंडणी घेऊन दलमं, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, पोसली गेली, हा भाग वेगळा.

माझ्या मते खरा फरक पडला तो मालकीने. २००९मध्ये धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, २०११मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. गावाने स्वतः बांबू विकला. जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज मात्र लोकांना विचारून निघालं का, यावर आजही वाद आहे. २०१६च्या डिसेंबरात तिथे नक्षलवाद्यांनी खनिज वाहतुकीची ७०हून जास्त वाहनं जाळली. आता बंदोबस्तामुळे तिथे शांतता आहे. पण बंदोबस्त उठल्यावर काय, हे लेखकाने त्या डोंगरापलीकडच्या गावांत जाऊन विचारावं. जाताना ट्रकांनी उखडलेला रस्ताही बघावा.