‘गाडीचा खर्च निम्मा’ करणाऱ्या मेसेजचा हिशेब

‘गाडीचा महिन्याचा खर्च निम्म्यावर आणा, शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा मेसेज गेले काही आठवडे सगळीकडे फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. आता तो आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलाय आणि खाली लिहिलंय, ‘गणपतीला जाताना करून बघणार.’ काका जाणार ताम्हिणी घाटातून, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली. तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये आठ उपाय आहेत. उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करा. पेट्रोलमध्ये पाणी टाकून इथेनॉल वेगळं काढा. लांब जाताना टायरमध्ये हवा पाच-सात पॉइंट कमी ठेवा. पेट्रोल पहाटेच भरा. टाकी अर्ध्याच्या वर भरू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटऐवजी नळाचं पाणी वापरा. एअर फिल्टर काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेतं. आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा (समोरच्याचं नुकसान भरून देणारा) घ्या.

पहिला उपाय सगळ्यात घातक, म्हणून त्यालाच आधी धरू. गाडी उतारावर आपोआप जाते, मग इंजिन कशाला जाळायचं, असा त्यामागचा तर्क. कार्बोरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल घेणाऱ्या जुन्या) गाड्यांना हे थोडंफार लागू होतं, हे मान्य करावं लागेल. इंजिन फिरलं की कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जायचंच. गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-अडीच हजार आणि न्यूट्रलमध्ये आठशे, त्यामुळे न्यूट्रलमध्ये कमी जळायचं. पण त्या गाड्या आता रस्त्यावर दिसतात तरी किती?

इंजेक्शनच्या गाडीत हिशेब नेमका उलटा होतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय आणि फेरे साधारण दीड हजाराच्या वर आहेत, तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करून टाकतो. त्या वेळी पेट्रोल शून्य जळतं, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. फेरे हजार-बाराशेपर्यंत खाली आले की इंजेक्टर पुन्हा चालू होतात. डिझेललाही हेच. आणि न्यूट्रल केलं की? इंजिनाला बंद न पडता फिरत राहायला पेट्रोल लागतंच. १.२ लिटरच्या इंजिनाला एसी बंद असताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. दहा किलोमीटरचा घाट ताशी ४० ने उतरायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे दीड-दोनशे मिली पेट्रोल, वीसेक रुपये. हे पैसे न्यूट्रलवाला घालवतो, गिअरवाला नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. मीटरमध्ये क्षणोक्षणीचं माइलेज दिसत असेल तर तो स्क्रीन लावा आणि शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की आकडा टोकाला जाऊन चिकटतो. फक्त उतार अगदी सौम्य असला तर गिअरमध्ये गाडीचा वेग पडतो आणि पुन्हा पाय द्यावा लागतो. तिथे न्यूट्रलमध्ये थेंबभर वाचतही असेल. घाटात तो प्रश्नच येत नाही.

‘पण मेसेजमध्ये इंजिन बंद करायला सांगितलंय, मग पेट्रोल लागणारच नाही’ असं कोणी म्हणेल. गिअरमध्येही लागत नाहीये, म्हणजे कमाई शून्य. गमावता काय ते बघा. ब्रेकचं पेडल हलकं लागतं ते बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (डिझेलमध्ये वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुतेकदा तोही इंजिनच फिरवतं). इंजिन बंद केल्यावर बूस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन वेळा दाबण्यापुरतं व्हॅक्यूम उरतं. चौथ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि गाडी थांबवायला दोन्ही पाय रोवावे लागतात. पॉवर स्टिअरिंग जातं. इग्निशनच बंद केल्यामुळे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) जातं, एअरबॅगही उघडत नाहीत. घाईत किल्ली मागे फिरून निघाली तर स्टिअरिंग लॉक होतं, तेही वळणावर.

इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी सुटका नाही. इंजिनाची ओढ संपली की सगळा वेग ब्रेकलाच मारावा लागतो. डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमधून (डिस्क चिमटीत धरणारा भाग) ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ चं २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल मुरली की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. फरक लक्षात ठेवा: पेडल घट्ट झालं तर व्हॅक्यूम गेलंय, पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय.

पुणेकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने नवले पुलावर एकामागून एक गाड्यांना उडवलं. उतारावर डिझेल वाचवायला चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. मेसेजमधला पहिला उपाय शब्दशः हाच आहे.

घाट उतरायची रीत जुनी आणि सोपी आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबा, वेग कमी करा, सोडा. एएमटी (क्लच स्वतःच दाबणारी ऑटोमॅटिक) असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन दोन नंबर पकडा, सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर दांडा एल किंवा एस वर. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि वीस मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. अर्धा लिटरची बाटली काही शे रुपयांत येते. आपल्याकडे इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, ब्रेक ऑइल मात्र गाडी विकेपर्यंत तेच.

घातक तो पहिला, तर निव्वळ वेडेपणाचा मान इथेनॉलवाल्या उपायाला. इथेनॉलच्या पेट्रोलवर माइलेज पडतं, ही मुळातली तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की जुन्या, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) जुळवलेल्या चारचाकींचं माइलेज ई२० वर (२० टक्के इथेनॉल) ६-७ टक्के घटेल, आणि ई१० साठी बनवलेल्या व ई२० ला जुळवलेल्या गाड्यांचं १-२ टक्के. तेव्हा ‘माइलेज पडलं’ म्हणणाऱ्याला खोटं ठरवू नये.

पण मेसेजवाल्याचा इलाज बघा. कॅनमध्ये पेट्रोल घ्या, पाणी टाका, हलवा, खाली बसलेला थर फेकून द्या, वरचं ‘शुद्ध’ पेट्रोल गाडीत ओता. थर वेगळा होतो, हे खरंच आहे. इथेनॉल पाण्याकडे धाव घेतं आणि दोघं मिळून खाली बसतात. आता हिशेब करा. हजार रुपयांच्या पेट्रोलमधला पाचवा हिस्सा, म्हणजे दोनशे रुपये, मोरीत गेले. कशासाठी? ६-७ टक्के, म्हणजे साठ-सत्तर रुपये वाचवण्यासाठी. बरं, उरलेलं पेट्रोल पंपावरच्यापेक्षा हलक्या प्रतीचं ठरतं, कारण मिश्रणाचा ऑक्टेन (खडखड न होता जळायची क्षमता) इथेनॉलच वर नेत असतं. ते काढलं की चढावर इंजिन खडखडतं. त्यात पाण्याचा अंश राहतोच, तो पंप आणि इंजेक्टरमध्ये गंज धरतो. शिवाय घरात प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल हलवायचं, तेही मोरीत, जिथे शेजारीच गिझर! एका ठिणगीचा प्रश्न आहे.

टायरचा उपाय ऐकायला शास्त्रीय वाटतो: उन्हात हवा प्रसरण पावते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी भरा. हवा तापून दाब वाढतो, पण कंपनीने आकडा देताना ते धरलेलंच असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो, समजा ३३, तो थंड टायरचा आकडा आहे. तासभर पळवल्यावर तो ३७-३८ दाखवणारच, तेव्हा हवा सोडायची नसते. उलट २६ वर ठेवलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, ती वाकण्याने तापते आणि तिथूनच फाटते. समृद्धीसारख्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर, भरलेली गाडी, ताशी १२०, भर दुपार, आणि हवा २६: टायर फोडायची याहून चांगली तयारी नाही. टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात आणि मधली नक्षी तशीच आहे, असं दिसलं तर हवा कमी राहत होती. मधलाच भाग झिजला असेल तर जास्त. माइलेजही वाढत नाही, एक पॉइंट हवा कमी झाली की साधारण ०.२ टक्के घटतंच. सकाळी गाडी काढल्या काढल्या जवळच्या पंपावर तपासा, भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असतो तो धरा, स्टेपनी विसरू नका. नायट्रोजन भरला नाही तर बिघडत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

उरलेले भराभर. पहाटेचं पेट्रोल: गारव्यात पेट्रोल आकसलेलं असतं, म्हणून जास्त मिळतं, असा तर्क. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, त्यांचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. एका अंशाला पेट्रोल ०.१ टक्का फुगतं, तीस लिटरमागे तीस मिली, म्हणजे तीनेक रुपये. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, पंचवीस मिलीपर्यंतची तफावत चालते, त्याच्या वर नाही.

अर्धी टाकी: उन्हात भरलेल्या टाकीचा स्फोट होतो या अफवेवर इंडियन ऑइलने अनेकदा खुलासा केलाय की कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत भरायला हरकत नाही. वजन कमी करून माइलेज वाढवायचं म्हणाल तर ३७ लिटरच्या टाकीत निम्मं पेट्रोल चौदा किलोही भरत नाही. नोझल आपोआप बंद पडल्यावर ‘राउंड फिगर’साठी कोंबू मात्र नका. जास्तीचं पेट्रोल वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा बदलावा लागतो. उलट कायम रिझर्व्हवर फिरवलं तर टाकीतला पंप तापतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच नसतं.

कूलंट: नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, हे खरं, पण ते लवकर उकळतं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड खातं आणि बोअरवेलचं असेल तर रेडिएटरमध्ये क्षार धरतं. रस्त्यात अडकलात तर पाणी टाका, घरी आल्यावर काढून टाका. एअर फिल्टर काढला तर धूळ सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा घासल्या, इंजिन ऑइल प्यायला लागलं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

विम्याच्या उपायात मात्र अर्धं सत्य आहे, हे कबूल करायला जिवावर येतं. दहा-बारा वर्षांची, दीड-दोन लाखांची गाडी असेल तर फक्त थर्ड पार्टी घेणं चुकीचं नाही. १००० ते १५०० सीसीला त्याचा दर २०२२ पासून जीएसटी सोडून ३,४१६ रुपये आहे. पण चार वर्षांच्या, कर्जावर घेतलेल्या गाडीला हे सांगणं म्हणजे चोरी आणि पुराचा सगळा धोका स्वतःच्या अंगावर घेणं. विम्यात खरे पैसे वाचतात ते नो क्लेम बोनसमध्ये. पाच वर्षं दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते, आणि एक दावा केला की ती शून्यावर येते. बंपरचं काम तीन हजारांचं, त्यातले सक्तीचे एक हजार तुमचेच, विमा कंपनी देणार फार तर दोन. मूळ हप्ता आठ हजार असेल तर पुढच्या वर्षी चार हजारांची सूट गेली. असलं काम खिशातून करा. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तरी बोनस जातो. आणि गाडी विकताना बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नका, तो मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.